चौघींच्या वाटणीची सुरमई

"पारा आहे," डॉक्टर म्हणाले. रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्याकडे वळवला आणि एका आकड्याखाली पेनाने रेघ मारली. "मर्क्युरी. रक्तात असायला हवा त्यापेक्षा बराच जास्त."

मला आधी थर्मामीटर आठवला. लहानपणी ताप आला की आई तो जिभेखाली ठेवायची आणि चावू नकोस म्हणून दटावायची. मी तो कधीच चावला नव्हता. मग पारा आला कुठून?

"मासे," डॉक्टर म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत ना, दोन्ही वेळा ताटात मासा असतो. सुरमई, मोरी, कुपा. गावाहून खोका येतो. तो एवढा मासा घरात किती जण खाता?"

"चौघी," मी म्हणाले.

इतकं सहज तोंडातून निघालं की माझं मलाच कळलं नाही. डॉक्टरांनी ते लिहूनही घेतलं. मग मान वर करून म्हणाले, "मग उरलेल्या तिघींनाही उद्याच बोलवा. त्यांचं रक्तही तपासायला लागेल. तुमच्याइतकाच त्यांनाही धोका आहे."

आता आली का पंचाईत! तिघींना कुठून आणणार? मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले. ते बोटाला कळत नव्हतंच.

"तिघी नाहीयेत," मी शेवटी म्हणाले. "पाच वर्षं झाली, मी एकटीच राहते."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं, आणि तेही एका न्यूरॉलॉजिस्टसमोर, म्हणजे मज्जातंतूंच्या डॉक्टरांसमोर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, पण चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे चार जणींचा मासा तुम्ही एकट्या खाता?"

"हो."

"आणि पाठवतं कोण?"

"आई."

"त्या काय खातात? हेच?"

रोज संध्याकाळी फोनवर आई सांगायची, "मी पण सुरमयच खाल्लंय." माझं वय अडतीस, आईचं सदुसष्ट. पाच वर्षं मी जे खाल्लं तेच ती खात असेल, तर तिचं काय झालं असेल? डॉक्टर पुढे बरंच काही बोलले, पण माझं लक्ष नव्हतं.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की हाताला मुंग्या येणारी, रिपोर्टांची फाईल घेऊन एकटीच वेटिंगमध्ये बसलेली बाई हे वाचत असेल तर तिने माझ्यासारखी खोटी उत्तरं देऊ नयेत. माझा अर्धा आजार पाऱ्याचा होता. उरलेला अर्धा माझ्या तोंडाचा.

सुरुवात डाव्या हातापासून झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आधी वाटलं, हातावर झोपले असेन. मग उजव्या हाताला झालं. मग ओठांभोवती, दाताच्या डॉक्टरांनी भूल दिल्यावर वाटतं तसं. याला पॅरेस्थेसिया म्हणतात, म्हणजे बधिरपणा आणि मुंग्या. तेव्हा मला हा शब्द माहीत नव्हता. मी आपली हात झटकत बसायचे.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहितीपत्रकं लिहिते. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. दिवसभर बोटं की-बोर्डवर. त्या बोटांना आता बटणं कळेनाशी झाली. एकदा एक पान लिहून वाचलं तर त्यात एक अक्षर प्रत्येक शब्दात दोनदा पडलेलं. कप हातातून सुटायला लागले. तीन फुटले. चौथा मी प्लॅस्टिकचा आणला आणि प्रश्न सुटला असं समजले!

पुढे विसरायला व्हायला लागलं. मीटिंगमध्ये सहकाऱ्याचं नाव आठवेना. जिना उतरताना पायरी कुठे संपते ते पायाला कळेना.

मारुंजीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली. पुण्यात कोणालाही मुंग्या आल्या की आधी बी-ट्वेल्व्हच बघतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मासे खाणाऱ्याला त्याची कमतरता सहसा नसते. मी पाच इंजेक्शनं घेतली. दंड दुखला, मुंग्या तशाच.

मग मोठ्या हॉस्पिटलात. पहिली तपासणी नर्व्ह कंडक्शन, म्हणजे हातापायांना विजेचे छोटे झटके देऊन संदेश मज्जातंतूंतून किती वेगाने जातो ते मोजतात. दुखत नाही फारसं, दचकायला होतं. दुसरी मानेचा एमआरआय. त्याचं मात्र सांगायला हवं.

फॉर्मवर 'सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव' अशी एक ओळ होती. मी ती रिकामी सोडली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत दिला. "मॅडम, हे भरा ना." मी म्हणाले, "कोणी नाही." तिने माझ्याकडे न बघता तिथे एक आडवी रेघ ओढली. मग आत जायच्या आधी दागिने काढायला सांगितले. गळ्यातली चेन, कानातलं, हातातलं घड्याळ. ते द्यायचं कोणाकडे? लॉकरची किल्लीही धातूचीच, ती आत नेता येत नाही. शेवटी समोरच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी बाईंना मी म्हणाले, "जरा सांभाळता का?" त्यांनी पदर पसरला, सगळं घेतलं आणि गाठ मारून ठेवलं. मी त्या नळीत अर्धा तास ठाकठूक ऐकत पडले होते आणि सोन्याची काळजी एकदाही आली नाही. मला फक्त त्या बाई निघून तर गेल्या नसतील ना, असं वाटत होतं. बाहेर आले तर त्या तशाच बसल्या होत्या. मला रडू आलं, आणि दुखलं का म्हणून त्या विचारत राहिल्या.

एमआरआय स्वच्छ. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? मी कोकणातली. जेवणाचा विषय निघाला की आमची छाती फुगते. मी मासे एका दमात सांगून टाकले. ते थांबले आणि म्हणाले, "अजून एक रक्त तपासू." त्या तपासणीची नळी वेगळी असते, गडद निळ्या झाकणाची, हेवी मेटल्स म्हणजे जड धातू मोजण्यासाठी. नमुना मुंबईला गेला. आठवड्याने मी त्या खुर्चीत बसले होते आणि 'चौघी' म्हणत होते.

या चौघींची गोष्ट अशी.

हिंजवडीशेजारच्या माणमध्ये, घरमालकीण हौसाकाकूंच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही खरोखरच चौघी राहायचो. हौसाकाकूंची शेती कंपन्यांच्या जागेत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. आम्ही चौघींनी दोन खोल्या घेतल्या होत्या. रुपाली अमरावतीची, बाकीच्या दोघी लातूरकडच्या. माझं गाव मालवणजवळ. बाबा गेल्यापासून आई बाजारात मासळी विकते. तिने पहिला खोका पाठवला तेव्हा त्यात बांगडे होते. रुपालीच्या घशात काटा अडकला आणि तिने जो काही गोंधळ घातला! आईला फोनवर सांगितलं तर तिला हसू आवरेना. "त्या घाटावरच्या चेडवांका काटे जमाचे नाय," ती म्हणाली. आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात. "तेंका मोठोच मासो बरो." तेव्हापासून खोक्यात फक्त मोठे मासे. सुरमईच्या तुकड्या, मोरी म्हणजे शार्क, आणि कुपा म्हणजे ट्युना. काटा एकच, मधला, तोही काढून टाकता येतो. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फात घालून ती तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि सकाळी मी वाकडला हायवेवर जाऊन घ्यायची.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी तिघी घरी गेल्या. घरूनच काम करता येतं म्हटल्यावर परत कशाला येतील? रुपालीचं लग्न झालं. बाकीच्या दोघी बंगळुरूला गेल्या. मी दोनातली एक खोली सोडली.

आईला मी सांगितलं नाही. लग्न न केलेली मुलगी परगावी एकटी राहते, या एका गोष्टीने तिची झोप उडाली असती. पहिला महिना म्हटलं, येतील परत. दुसरा महिना म्हटलं, सांगू पुढच्या वेळी. आणि मग सांगायची वेळच निघून गेली.

आई रोज त्यांची चौकशी करायची. "रुपालीक मोरी आवडली?" मी म्हणायचे, "हो, दोनदा घेतली." खोटं बोलायला लागलं की माणूस त्यात रमतो हे मला तेव्हा कळलं. लग्न होऊन अमरावतीला नांदणाऱ्या रुपालीला मी माणमध्ये सर्दी आणली, प्रमोशन दिलं, तिचे केस कापले! संध्याकाळी या गप्पा मारताना मला खरंच वाटायचं की घरात कोणीतरी आहे. फोन ठेवला की फ्रिजचा आवाज यायचा.

आणि खोका यायचाच, चौघींच्या वाटणीचा. टाकवेना. आई पहाटे बंदरावर उभी राहून लिलावात मासा घेते, तुकड्या स्वतः कापते. तो मासा कचऱ्यात घालायला माझा हात धजला नाही. कोणाला द्यावा तर कोणाला? हौसाकाकूंनी एकदा वाटीभर धरणाच्या माशाचं कालवण आणलं होतं. मी नाक मुरडून म्हणाले होते, "काकू, गोड्या पाण्यातला मासा मला चालत नाही." त्यानंतर त्यांना काही द्यायला जायचं तोंड मला उरलं नव्हतं. त्या मात्र खोका घेऊन जिना चढताना मला बघायच्या आणि म्हणायच्या, "येवढा मोठा खोका, अन् खाणारं त्वांड येकच!" मी हसून वर जायची. सकाळी तुकडी, रात्री तुकडी. रविवारी मोरीचं मटण. पुढचा खोका यायच्या आत मागचा संपवायचा, हा माझा नियम होता. शिस्तीने विष खाल्लं म्हणायचं.

पण मासा म्हणजे विष नव्हे. हे डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी परत बोलावून नीट समजावलं, तेव्हा माझं लक्ष ठिकाणावर होतं. पारा समुद्रात बाहेरून येतो, कोळसा जाळण्यातून, कारखान्यांतून, काही प्रमाणात निसर्गतःही. पाण्यातले जंतू त्याचं मिथाइलमर्क्युरी करतात, म्हणजे अंगात मुरणारा पारा. बारीक माशात तो किंचितच जातो. बारीक माशांना मधला मासा खातो, मधल्यांना मोठा. प्रत्येक पायरीला पारा साठत वर चढतो. याला बायोमॅग्निफिकेशन म्हणतात. जो मासा मोठा, जास्त वर्षं जगलेला आणि दुसऱ्यांना खाऊन जगणारा, त्याच्यात सगळ्यांत जास्त. तो मांसातच असतो, त्यामुळे धुऊन, तळून, कोकम लावून जात नाही. मी विचारलं होतं, मीठ लावून ठेवलं तर? डॉक्टर हसले.

"पंधरा दिवसांतून एकदा सुरमई खाणाऱ्याला मी काही म्हणणार नाही," ते म्हणाले. "गरोदर बाई असेल, लहान मूल असेल तर मोठा मासा टाळा म्हणेन. पण तुम्ही पाच वर्षं दोन्ही वेळा खाल्लात. आता बंद करा. शरीर हळूहळू बाहेर टाकेल. औषध शक्यतो लागणार नाही. मुंग्या किती जातील ते आत्ता सांगत नाही. आणि तुमच्या आईंना आधी घेऊन या."

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. "आई, तुझ्या हाताला मुंग्या येतात का?"

"माका कित्याक येतले?"

"कप सुटतो का हातातून? जिना उतरताना तोल जातो?"

"वय झाला गो. कोणाचो जाणा नाय?"

मी तिला सांगितलं, माझ्या रक्तात पारा निघालाय, माशामुळे, तू तपासायला ये. तिने पाठवलेल्या माशाने मुलगी आजारी पडली, हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. तिच्या बाजूने मी विचारच केला नव्हता.

"माका तपासूक नको," ती म्हणाली. "पण तुका बघूक येतंय."

शुक्रवारी सकाळी ती वाकडला ट्रॅव्हल्समधून उतरली. हातात पिशवी आणि काखेत, सांगायला नकोच, थर्मोकोलचा खोका. रिक्षात मी मनाशी घोकत होते. तिघी सुट्टीला गेल्यात. जोडून रविवार आला म्हणून गेल्यात. सोमवारी उशिरा येतील. एवढं होऊनही मी नवं खोटं तयार ठेवलं होतं.

खोलीत आल्यावर आई खाटेवर बसली. दारातली एकच चपलांची जोडी तिने बघितली की नाही, मला कळलं नाही. तिने पिशवी उघडली आणि ओट्यावर एकापाठोपाठ एक तीन पुडे ठेवले. मालवणी खाज्याचे. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला.

"ह्यो लाल रुपालीचो," ती म्हणाली. "तेका आल्याचो आवाडता मां? तूच सांगलं होतंस."

मीच सांगितलं होतं. मी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, कोणी नाही गं."

"ऑफिसात गेली?"

"पाच वर्षांपूर्वी गेल्या. मी एकटीच आहे."

आईने खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक खुर्ची, मोरीत उपडं घातलेलं एक ताट. तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता ओरडेल.

"मगे येवढो मासो कोण खाय?" तिने विचारलं.

"मी."

"चारांचो?"

"चौघींचा."

मग ती रडली. मीही रडले. हौसाकाकू आवाज ऐकून वर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दवाखान्याच्या चकरा मारतीया, कागुद घिऊन येतीया, समदं दिसतंय मला. मी इचारलं न्हाई, तुला आवडायचं न्हाई म्हून. पर सांगायचं तर हुतंस! मी आले असते की दागिनं धरायला." दागिन्यांचं मी त्यांना कधीतरी जिन्यात हसत हसत सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

आईचं रक्त घेतलं. ती निळ्या झाकणाच्या नळीकडे अशी बघत होती की जणू तिच्यावरच कोणी आळ घेतलाय. रिपोर्टला सहा दिवस लागणार होते. ते सहा दिवस मी जन्मात विसरणार नाही. ती चहा गाळायची आणि मी तिच्या हाताकडे बघायची. कंप आहे का? ती जिना उतरायची आणि मी मागून पावलं मोजायची. एकदा तिच्या हातून झाकण पडलं तर मी किंचाळलेच. ती म्हणाली, "झाकण पडला गो, मी नाय पडलंय." खोक्यातला मासा फ्रीझरमध्ये तसाच राहिला. शेवटी काकूंना दिला.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघी त्याच खुर्च्यांवर होतो. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"नॉर्मल आहे," ते म्हणाले. "अगदी नॉर्मल. आजी, तुम्ही नक्की रोज हाच मासा खाता?"

आई खाली बघत होती. मग मालवणीत, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "मी खंय सुरमय खातंय! सुरमय बाजारात जाता नायतर तुका येता. मी आपले पेडवे नि तारले."

पेडवे, तारले. बोटाएवढे बारीक, काट्यांनी भरलेले मासे. टोपलीच्या तळाला उरणारे, संध्याकाळी कोणी घेत नाही म्हणून विकणारीच घरी नेते ते.

"पण तू रोज सांगायचीस..."

"तुका सांगला असता तर तू खाल्लंच नसतंस."

मी डॉक्टरांना भाषांतर करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बारीक मासा. वर्ष-दोन वर्षं जगतो, त्याच्यात पारा साठायला वेळच मिळत नाही. आजींनी सगळ्यांत चांगला मासा खाल्लाय." हे मात्र मी आईला लगेच सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. बाजारात जे स्वस्त ते चांगलं कसं असेल, असा तिचा चेहरा होता.

बाहेर आल्यावर मला तिचा राग आला. खरंच राग आला. ती पाच वर्षं रोज मला सांगत होती की आपण दोघी एकच जेवतोय, आणि त्या एका वाक्यावर मी रात्रीचं जेवण ढकलायची. मी तिला हे म्हटलंसुद्धा, हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये, लोक बघत असताना. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि माका वाटाचा, माझा चेडू चार जणांत बसान जेवता." रिक्षा मिळायला वेळ लागला.

ती पंधरा दिवस राहिली आणि गेली. बाजारातली जागा फार दिवस रिकामी ठेवता येत नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी रक्त दिलं. आकडा प्रत्येक वेळी खाली आला, आता तो हद्दीत आहे. ओठांचा बधिरपणा सगळ्यांत आधी गेला. नावं आठवायला लागली. जिना व्यवस्थित उतरते. डाव्या करंगळीचं टोक अजून झोपलेलं आहे. डॉक्टर म्हणतात, कदाचित तसंच राहील. मी ते सोडून दिलंय, त्या बोटावर दोन-तीनच अक्षरं येतात.

मध्यंतरी कोणीतरी पारा बाहेर काढणारी पावडर सुचवली, कोणी कोथिंबिरीचा रस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही घेऊ नका. आणि मासे सोडूनही देऊ नका, निदान माझं वाचून तरी नको. बांगडा खा, तारली खा, पेडवे खा, बदलून बदलून खा. मोठा मासा सणासुदीला. मुंग्या दोन-चार आठवड्यांत गेल्या नाहीत तर तपासून घ्या आणि डॉक्टरांनी विचारलं की काय खाता, किती खाता, कोणाबरोबर खाता, तर खरं सांगा. ती लाज फार महाग पडते.

त्या निळ्या झाकणाची आठवण ठेवणाऱ्या डॉक्टरांचे आभार. पदरात गाठ मारून बसलेल्या त्या बाईंचे आभार, त्यांचं नावही मी विचारलं नाही. हौसाकाकू आता धरणाचे मासे करतात तेव्हा खालून हाक मारतात आणि मी जाते. गोड्या पाण्यातला मासा चालतो मला. न चालायला काय झालं!

एकटेपण गेलं असं मात्र म्हणणार नाही. काकूंचं घर भरलेलं आहे, त्यांना रोज मी कुठे परवडणार? बहुतेक दिवस खोलीत एकच ताट असतं.

खोका अजून येतो, पण लहान. एका माणसाचा. काल रविवारी दुपारी मी त्यातल्या पेडव्यांचं तिखलं, म्हणजे तिखट घट्ट कालवण केलं, भात वाढला आणि फोन ताटाशेजारी उभा करून ठेवला.

"आज कोण आसा जेवूक?" आईने विचारलं. ती आता रोज विचारते.

"कोणी नाही गं. मी एकटीच."

"बरा. मी आसंय मां फोनार. जेव."

तिच्याही पुढ्यात पेडवेच होते. या वेळी तिने ताट फोनसमोर धरून दाखवलं, पुरावा म्हणून. मग दोघी जेवायला लागलो. पेडवे खाताना बोलता येत नाही. बोटांनी एकेक काटा चाचपून काढावा लागतो, आणि माझं एक बोट अजून नीट सांगत नाही, त्यामुळे मला वेळ लागतो. आईचं जेवण कधीच संपलं होतं. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला. तिने फोन ठेवला नाही.

"काटो बघ गो," ती म्हणाली.

"बघतेय," मी म्हणाले.